शेवटचा हात कुणाचा

बापू मोहित्यांना भुवया नव्हत्या. त्यामुळे हा माणूस चकित झालाय, चिडलाय की नुसताच ऐकतोय, हे मला पहिले सहा महिने कळलंच नाही. मी तावातावाने बोलायची आणि समोर तो गुळगुळीत, शांत चेहरा. मला वाटायचं, यांना ऐकूच येत नसावं. कसलं काय! दोन पंखे आणि एक कॉम्प्रेसर चालू असताना कुठला बोल्ट सैल आहे ते या माणसाला लांबून ऐकू यायचं. माझं बोलणंही सगळं ऐकू यायचं, फक्त त्यातलं कामाचं किती, हे ते ठरवायचे.

कतारमधल्या रास लफानला एका काँट्रॅक्टर कंपनीत मी मेन्टेनन्स प्लॅनर होते. कुठलं काम कुणी, कधी आणि किती वेळात करायचं याचे तक्ते मांडायचे आणि काम झालं की आलेले रिपोर्ट वाचून फायलीत घालायचे, ही माझी नोकरी. बापू त्याच कंपनीत बर्नर टेक्निशियन. भट्टी असो, बॉयलर असो, ज्योत पेटेनाशी झाली की बापूंना बोलावणं जायचं. मूळचे वाळव्याकडचे. वीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर उसाचा भुसा जाळण्यात काढलेली, मग इकडे. घरची मंडळी गावी, आणि बापू शहरातल्या अल नस्र भागात सहा जणांच्या खोलीत. माझा फ्लॅट त्याच गल्लीत होता, त्यामुळे कामावर ते मला ‘म्याडम’ म्हणायचे आणि गल्लीत ‘ताई’.

त्यांची कामाची रीत बघून नवीन साहेब लोकांचं रक्त तापायचं. बर्नर बंद, कंट्रोल रूममधून फोनवर फोन, आणि बापू एक डबा उपडा घालून त्यावर बसलेले. दोन्ही हात काखेत. मशीन एकदा सुरू करायला सांगायचे आणि ते पेटत कसं नाही, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं बघायचे. मी एकदा विचारलं, “बापू, हात काखेत कशाला?”

“हात लई उतावळं असत्यात, ताई. डोळ्याचं बघून व्हायच्या आत ह्ये काय तर फिरवून बसत्यात.”

बघून झालं की उठायचे आणि जमलेल्या सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचे, “शेवटचा हात कुनाचा?” म्हणजे हे बिघडण्याआधी याला शेवटचं कोण शिवलं. तिथे फिलिपिनो असो, केरळी असो की नेपाळी, या तीन शब्दांचा अर्थ सगळ्यांना पाठ झाला होता. आणि सगळे आकाशाकडे बघायचे. बापू वैतागायचे नाहीत. “बोलनाऱ्याला मी कधी काय केलंय का? तुमी गप बसताय त्यापायी माझा दिवस जातो,” एवढंच म्हणायचे आणि टूलबॉक्स उघडायचे. त्यात पान्यांच्या जोडीला दात तपासायचा एक छोटा आरसा असायचा. दाढ काढायला गेले होते, तेव्हा डॉक्टरांकडून मागून आणलेला. दाढेचं काही खरं नव्हतं म्हणे, पण आरसा लाखाचा मिळाला.

आमचं पहिलं भांडण रिपोर्टवरून झालं. रिपोर्टमध्ये बिघाडाच्या कारणाचा एक रकाना असतो. तिथे लोक काय वाटेल ते लिहितात, धूळ, दमट हवा, पार्ट जुना. एकदा बापूंच्या रिपोर्टमध्ये त्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत लिहून आलं, ‘माय मिस्टेक. व्हॉल्व्ह ओपन फरगॉट. मोहिते.’ मी कपाळावर हात मारला आणि त्यांना बोलावून घेतलं.

“बापू, असं लिहीत नाहीत.”

“मग कसं लिवत्यात?”

“ऑपरेशनल ओव्हरसाइट लिहा.”

“त्येचा अर्थ काय?”

“अर्थ म्हणजे... चूकच.”

“कुनाची?”

“अहो, कुणाचीच नाही. तीच तर गंमत आहे त्या शब्दांची.”

बापूंनी कागद माझ्याकडे परत सरकवला. “कुनाचीच न्हाई तर मग ती झाली कशी? ऱ्हाऊ द्या माझी माझ्याजवळ.” मी चिडून तो रिपोर्ट तसाच वर पाठवला. आश्चर्य म्हणजे कुणी काही बोललं नाही. बहुतेक वर कुणी वाचतच नव्हतं.

भुवयांचं मात्र मी बरेच दिवस विचारलं नव्हतं. एकदा शटडाउनच्या दिवसांत डबा खाताना त्यांनी आपणहून सांगितलं. कारखान्यात त्यांच्या जोडीदाराने बॉयलर पेटवताना एक पायरी गाळली आणि थोडा भडका उडाला. कुणाला काही झालं नाही. जोडीदाराची नोकरी नवी, घरी दोन म्हाताऱ्या. बापूंनी वहीत लिहिलं, ‘वारा उलटा होता.’ सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आठवड्याने त्याच माणसाने तीच पायरी पुन्हा गाळली. “त्येला कळलंच नव्हतं ना, काय चुकलं ते. मीच वाऱ्यावर ढकलून दिलं हुतं,” बापू म्हणाले. त्या दुसऱ्या भडक्यात बापूंच्या भुवया गेल्या आणि जोडीदाराचा एक डोळा गेला. एवढं सांगून त्यांनी भाकरीचा उरलेला तुकडा मोडला आणि चटणी मागितली.

वर्षातून एक दिवस मात्र हा माणूस अगदी हौशी व्हायचा. खंडेनवमीला. आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरायची आणि गल्लीतल्या मराठी मंडळींची हत्यारं त्यावर मांडायची, ही त्यांनीच पाडलेली प्रथा. सुताराचा रंधा, वायरमनचा मीटर, ड्रायव्हरांच्या गाडीच्या किल्ल्या, माझ्या नवऱ्याचं हेल्मेट, माझा लॅपटॉप. माझी मुलगी इंग्रजीतून विचारायची, लॅपटॉपवर हळद टाकली तर वॉरंटी राहील का? बापू प्रत्येकाला कागदाच्या पुडीत ओल्या कुंकवाच्या अक्षता बांधून द्यायचे. “जी वस्तू हितं आनता येत न्हाई, तिला तिकडं जाऊन लावा. जिच्यावर पोट हाय तिला वरसातनं एकदा हात जोडायचा.”

ही गोष्ट घडली त्या वर्षी पुडी घेणाऱ्यांत दत्ता होता. आष्टीचा, तिशीतला, उम्म सलाल मोहम्मदला एका कतारी घरी ड्रायव्हर. अडीच वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याची बायको पोटुशी होती. मुलगी झाली, ती बसायला लागली, चालायला लागली, बोलायला लागली, आणि हे सगळं दत्ताने फोनमध्ये बघितलं. डिसेंबरात पहिल्यांदा सुट्टीवर जायचं ठरलं होतं. रविवारचं तिकीट काढून झालं होतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे देशाबाहेर जायला मालकाची परवानगी लागायची, ती तेवढी राहिली होती.

आणि त्या रविवारच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी सकाळी, दत्ता माझ्या दारात. चेहरा पांढराफटक. बापूंना त्यांच्या खोलीवरून आधीच उठवून आणलेलं.

भानगड अशी होती. दत्ताच्या मालकाची आई, तिला घरात सगळे यम्मा म्हणत, ती थंडीत बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी घेऊन बसायची. गेल्या हिवाळ्यात त्या धुराने तिला भोवळ आली होती. एसीची गरम हवा तिला चालेना, तिला समोर आग दिसायला हवी. म्हणून मालकाने परदेशातून एक पेलेट स्टोव्ह मागवला, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या जाळणारी शेगडी. गोळ्या आपोआप पडतात, आपोआप पेटतात आणि धूर पाइपातून बाहेर जातो. सप्टेंबरात बसवली तेव्हा झकास पेटली. पुसायचं काम दत्ताकडे आलं. डिसेंबरात थंडी पडली, बटण दाबलं, तर पेटेना. दुकानाची माणसं येऊन बघून गेली आणि म्हणाली, कुणीतरी हात लावून बिघडवलंय, पार्ट मागवायला दीड महिना लागेल. हात लावणारा घरात एकच. यम्माने पुन्हा निखारे मागायला सुरुवात केली आणि मालकाचं डोकं फिरलं. तो दत्ताला म्हणाला, शेगडी पेटल्याशिवाय तू कुठेही जायचं नाही.

“मी कायबी नाही केलं, बापू. पोरीची शपथ,” दत्ता म्हणाला.

“शपथ नगं. शेवटचा हात कुनाचा त्येवढं सांग.”

“मला काय माहीत?”

बापूंनी त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. मग मला म्हणाले, “ताई, गाडी काढा.”

फुटबॉलचा वर्ल्डकप यायला तेव्हा अजून काही वर्षं होती, पण रोज सकाळी एखादा रस्ता नाहीसा व्हायचा. उम्म सलालला पोचायला आम्ही तीन डायव्हर्जन घेतली आणि एकदा मेट्रोच्या खड्ड्याला प्रदक्षिणा घातली. मी रस्त्यावर तोंडसुख घेत होते.

मालक, सगळे त्याला बू राशिद म्हणत, पन्नाशीचा, अबोल माणूस. नोकरांशी इकडच्या मोडक्या हिंदीत बोलायचा. त्याने आम्हाला सरळ यम्माच्या खोलीत नेलं. गालिचा, लोड, कोपऱ्यात ती काळी चकचकीत शेगडी आणि तिच्यासमोर दोन शाली गुंडाळून बसलेली यम्मा. तिने बापूंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मुलाला अरबीत काही विचारलं. बहुतेक भुवयांबद्दलच असावं.

बापू गालिच्याच्या कडेला मांडी घालून बसले, हात काखेत. “चालू करा.” मी शेगडीसोबत आलेलं पुस्तक वाचायला घेतलं, इग्निशन होत नसेल तर तपासायच्या अकरा गोष्टी. बापू म्हणाले, “वाचा, वाचा. मशीनलाबी ऐकू दे.” काचेमागे गोळ्या टपटप भांड्यात पडल्या. पंखा घुमला. आम्ही सगळे बघत राहिलो. वीस मिनिटांनी मशीनने शिट्टी मारली आणि बंद पडलं. साधा धूरसुद्धा नाही.

मग बापूंनी हात बाहेर काढले. आधी भांडं काढून न जळलेल्या गोळ्या ओतून टाकल्या. “ह्या तशाच ठिवून परत परत चालू केलं तर ढीग साठतो. मग पेटलं की एकदम पेटतं,” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या कपाळावरून बोट फिरवलं. एक गोळी दोन बोटांत मोडली. कट्‌ आवाज झाला. “जळान वाळलेलं हाय.” पंखा लावून दाराच्या फटीशी टिश्यू पेपर धरला, तो आत ओढला गेला. “वारं हाय.” मागची झाकणी काढून मीटर लावला, पेटवणारी कांडी बाहेर घेतली, आणि ती आमच्यासमोर लालबुंद झाली. “आगबी हाय.” मग ते थांबले. “सगळं हाय, आन्‌ भेट हुईना. मधी काय तर आडवं आलंय.”

टॉर्च आणि दाताचा आरसा घेऊन ते शेगडीत डोकं घालून बसले. कांडीची उष्णता भांड्यात यायला एक बोटभर भोक असतं. वाकडी केलेली तार त्यात घालून त्यांनी हळूच ओढली. आतून सिमेंटसारखा घट्ट झालेला एक लाल गोळा बाहेर आला. बापूंनी तो तळहातावर घेऊन नखाने फोडला. आत तांदळाचे दाणे होते.

मी दत्ताकडे बघितलं. तो भिंतीला टेकला होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “आग तिथूनच येती ना, बापू,” तो पुटपुटला. “म्हटलं, तिथंच लावावं. म्हातारीला ऊब मिळंल. दाबून बसवल्या, पडू नयेत म्हणून.” अख्ख्या कतारमध्ये असं काही करणारा हा एकच वेडा, आणि तो नेमका आमचा निघावा!

बू राशिद पुढे झाला. “क्या था?”

परक्या देशात, परक्या धर्माच्या घरात, मालकाच्या आईच्या शेगडीची पूजा केली हे सांगायचं? आणि वर आठवडाभर खोटं बोलला हेही? रविवारचं तिकीट तर गेलंच, नोकरीही जाईल. मी मराठीत घाईघाईने म्हणाले, “बापू, धूळ म्हणा. मुंग्यांचं घर म्हणा. काहीही म्हणा. खलास करा विषय.” बापूंनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कळलं. त्यांना भीती वाटत होती.

“चावल था, बाबा,” ते म्हणाले आणि तळहात पुढे केला. “हमारे मुलुक में साल में एक दिन औजार को टीका लगाते हैं, चावल लगाते हैं. जिससे रोटी मिलता है, उसको. ये चावल मैंने दिया. मैंने बोला, जो चीज इधर ला नहीं सकता उसको उधर लगाओ. किधर लगाना, किधर नहीं, वो मैंने नहीं समझाया. इसने इधर लगाया. बाद में डर गया, झूठ बोला. गलती दोनों का है. पहला मेरा.”

खरं सांगते, त्या क्षणी मला बापूंचा गळा दाबावासा वाटला. एवढा प्रामाणिकपणा करायला दुसरा दिवस मिळाला नसता का?

यम्माने मागून त्याला हटकलं, तिला सगळं समजून घ्यायचं होतं. तो वाकून अरबीत सांगत राहिला. सांगून झाल्यावर तिने दत्ताला जवळ बोलावलं आणि बोटाने खूण करून विचारलं, कुठे? दत्ताने वाकून ते भोक दाखवलं. यम्मा काहीतरी म्हणाली, आणि त्या अबोल माणसाच्या मिशीत मला पुसटसं हसू दिसलं. तो माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, “आई म्हणते, तिची आई पेटवण्याआधी आगीत मीठ टाकायची, घराला दृष्ट लागू नये म्हणून. मीठ जळून जातं. तांदूळ टाकायची अक्कल कुणी दिली, असं विचारतेय.”

मग तो दत्ताकडे वळला तेव्हा हसू गेलेलं होतं. “चावल का बात नहीं. चावल था तो बोलने का. झूठ क्यों बोला?”

“डर गया, बाबा. लड़की को देखा नहीं अभी तक.”

बू राशिदने शेगडीकडे बोट केलं आणि बापूंना म्हणाला, “पहले जलाओ.”

बापूंनी भोक साफ केलं, भांडं नीट बसवलं, बटण दाबलं आणि पुन्हा हात काखेत घालून बसले. गोळ्या पडल्या. पंखा घुमला. पाच मिनिटं गेली, काही नाही. दत्ता तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता आणि मी, आयुष्यात कधी उपास न केलेली बाई, मनात चतुर्थी बोलून बसले. मग काचेमागे धुराची एक बारीक रेघ उठली. जाड झाली. आणि भप्पकन पिवळीधमक ज्योत उभी राहिली. यम्माने शालीतून दोन्ही हात बाहेर काढून काचेसमोर धरले आणि अल्लाचे आभार मानले. मला इतकं हलकं वाटलं की मी चक्क गालिच्यावर बसकण मारली.

बू राशिदने खिशातून फोन काढला. “टिकट कब का?” “संडे, बाबा.” त्याने स्क्रीनवर तीन-चार वेळा बोट फिरवलं आणि फोन परत खिशात ठेवला. “खलास. परमिशन हो गया. एक महीना. वापस आना.” बस, एवढंच. दत्ताला ते खरंच वाटेना. तो पुन्हा पुन्हा माझ्याकडे बघत होता, झालं ना ताई, झालं ना?

परतताना मी बापूंना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, तो भला निघाला म्हणून, नाहीतर पोराचं काय झालं असतं? बापू खिडकीबाहेर बघत म्हणाले, “त्येच तर. मला बी घाम फुटला हुता, ताई. पर धूळ हाय म्हनलो असतो, तर पुढच्या साली त्येनं परत तितंच लावलं असतं.” मी पुन्हा रस्त्याला शिव्या घातल्या.

पुढच्या आठवड्यात बापूंचं काँट्रॅक्ट संपलं. नवं नको म्हणाले आणि वाळव्याला निघून गेले. मला ते अजून आठवतात ते त्याच आठवड्यातल्या मंगळवारी पहाटे, अल नस्रच्या कोपऱ्यावर, रास लफानच्या कंपनी बसची वाट बघताना. थंडी चांगली होती आणि उजाडायला लागलं होतं. आम्ही दहाबारा जण उभे होतो, तेवढ्यात बापूंचा फोन वाजला. दत्ता होता. बापूंनी स्पीकर लावला.

“पोचलो, बापू. सगळं ठीक आहे. पण पोरगी जवळच येईना. काल रातच्यापासून आईच्या मागं लपती. मी हात पुढं केला की रडती.” त्याचाही आवाज रडवेला झालेला.

“आरं दमानं घे. तिनं तुला कवा बगितलंय?”

मागून लहान मुलाचं रडणं ऐकू येत होतं. मग दत्ताची बायको म्हणाली, द्या तो फोन तिच्याकडं, फोन दिला की गप बसती. खसखस झाली, रडणं थांबलं, आणि एकदम फोनमधून एक बोबडा आवाज आला, रोजच्या सवयीचा.

“बाबा, कधी येनाल?”

बापूंनी फोन दोन्ही हातांत धरला होता. बस वळणावर दिसली, हॉर्न वाजला, तरी ते हलले नाहीत. मग अगदी हळू, एखाद्याला झोपेतून उठवावं तसं म्हणाले, “आलाय गं बाई. मी न्हवं त्यो. मागं बग. त्यो उबा हाय न्हवं, त्यो.”

पलीकडे फोन धाडकन जमिनीवर पडला.

“गेली पळत बापाकडं,” बापू आम्हा सगळ्यांना म्हणाले, बाहीने डोळे पुसले आणि बसमध्ये चढले.